गोठासुद्धा नकाशात हवा

२०१९ च्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३. नदीकाठच्या गावातली माझी मावशी म्हशी सोडून निघायला तयार नव्हती. बोटीतल्या जवानांना घर सापडेना. मी कोल्हापुरातून फोनवर सांगतोय, ‘पिंपळाच्या पारापासनं डावीकडं’, आणि पार केव्हाच पाण्याखाली गेलेला.

२०२१ ला परत पूर आला, तेव्हा मी जेओएसएम हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर शिकायला बसलो. उपग्रहचित्रावरून गावातलं एकेक घर ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणीही भर घालू शकेल अशा खुल्या नकाशावर, काढायचं ठरवलं.

आधी वाटलं, पुराच्या दिवसाचंच चित्र घ्यावं. त्यात नुसते ढग. सेंटिनेल-१ या उपग्रहाचं रडार ढगांतून पाहतं, शांत पाणी त्यात काळं दिसतं; पण त्याचा एक ठिपका १० मीटरचा, म्हणजे मावशीचं घर एका ठिपक्यात संपलं. उभ्या उसात साचलेलं पाणी तर काळं दिसतच नाही, आणि घरांच्या भिंतींवरून रडारच्या लहरी उलटून येतात, त्यामुळं गल्ल्या पाण्यात असूनही उजळ दिसतात. म्हणून पाणी कुठवर आलं ते रडारवरून बघायचं, पण घरं मात्र उन्हाळ्यातल्या स्वच्छ चित्रावरून आधीच काढून ठेवायची.

संगणकानं आपोआप ओळखलेल्या घरांचा तयार साठाही लावून पाहिला. भिंतीला भिंत लागलेली दहा घरं त्यात एकच ठोकळा झालेली, आंब्याखालची कौलारू घरं गायब. मग हातानंच काढली. उपग्रह तिरका बघतो, त्यामुळं उंच इमारतीचं छप्पर बाजूला सरकलेलं दिसतं. छपराची कड काढून ती पायावर ओढून आणावी लागते. हे कळेपर्यंत काढलेली सगळी स्लॅबची घरं मी पुन्हा केली.

खरी अडचण पत्र्यांची. वरून घर आणि गोठा सारखेच. एका रविवारी नकाशा छापून मावसभावाबरोबर गल्लोगल्ली फिरलो. घर, गोठा, गुऱ्हाळघर, आणि माणसं चढू शकतील असे स्लॅब वेगळे केले.

मावशीनं कागद उलटसुलट करून बघितला. मी घर म्हणून काढलेल्या एका चौकोनावर बोट ठेवलं. ‘‘अरं, ही पिंजराची गंज हाय. ताडपत्री टाकलीया वर.’’

ती खोडली. मग तिनं पेन्सिल मागून घेतली आणि आपल्या गोठ्याच्या चौकोनात ४ लिहिलं. ‘‘म्हशी किती त्ये बी पायजे की बोटवाल्यास्नी.’’