येरळेचा गाळ मोजताना

येरळा नदीचा उगम सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात, वाट सगळी दुष्काळी मुलखातून, आणि शेवट मात्र पुराच्या गावात. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला ती कृष्णेला मिळते. पीएच.डी.साठी मी हाच संगम घेतला. येरळा किती गाळ आणते, कुठे टाकते आणि तिचं पात्र कुठे कापलं जातं, हे तीन पावसाळे मोजायचं होतं.

सुरुवात जून २०२१ मध्ये झाली. सगळ्यात आधी नदीचे आडवे छेद घेतले. एका काठावरून दुसऱ्या काठापर्यंत दोरी ताणायची, ठरावीक अंतरावर स्टाफ म्हणजे मापाची पट्टी उभी धरायची, लेव्हल या दुर्बिणीसारख्या यंत्रातून तिच्यावरचं वाचन घ्यायचं. असे सात छेद. त्यांची उंची मी घाटाच्या खालच्या अंगाच्या एका मोठ्या धोंड्यावर रंगाची खूण करून धरली. जुलैत महापूर आला. पाणी ओसरल्यावर गेले, तर धोंडा सापडेना. खणून पाहिलं तेव्हा गाळाखाली हाती लागला, पण कलंडलेला. म्हणजे जूनची सगळी वाचनं गेली! तळ खचला की भरला हे सांगायला न हलणारा बिंदू लागतो, आणि मी नदीच्याच हातातला दगड निवडला होता. दुसऱ्यांदा पुलाच्या पायावर आणि गावातल्या देवळाच्या जोत्यावर अशा दोन खुणा केल्या. एक गेली तरी दुसरी राहते.

जुने छेद मिळावेत म्हणून एका कार्यालयात अर्ज दिला, पाच महिने खेटे घातले. शेवटी एक स्कॅन केलेला कागद मिळाला, त्यावर उंची कुठल्या बिंदूपासून धरली ते लिहिलेलंच नव्हतं. असा कागद जपून ठेवणाऱ्याची मेहनतही वाया जाते, याचं फार वाईट वाटतं.

गाळाचं काम वेगळं. दोरीला वजन लावलेली बाटली पुलावरून सोडायची, पृष्ठभागापासून खोलीच्या सहादशांश अंतरावर पाणी घ्यायचं. ते ०.२ आणि ०.०७५ मिलिमीटरच्या चाळण्यांतून काढायचं. वरच्या चाळणीवर जाड वाळू राहते, खालच्या चाळणीवर मध्यम, आणि उरलेला बारीक गाळ फिल्टर पेपरवर धरायचा. मग १०५ अंशांना ओव्हनमध्ये वाळवून वजन. आकडा लहान दिसतो, पण हिशेब करून पाहा: लिटरमागे एक ग्रॅम गाळ आणि सेकंदाला १०० घनमीटर पाणी असेल, तर एका दिवसात ८,६४० टन गाळ जातो. दहा टनी ट्रक धरले तर ८६४ फेऱ्या.

दुसऱ्या वर्षी, २०२२ च्या जुलैत, रोज बाटल्या भरल्या. येरळेचं पाणी संथ, बाटलीत जेमतेम गढूळपणा. मन खट्टू झालं. नदीकाठच्या मळीतल्या उसाला पाणी द्यायला आलेले एक आजोबा दोन दिवस बघत होते. ते म्हणाले, "ताई, आत्ता येरळा वाहत न्हाई, कृष्णेनं तिला धरलीया. येरळा खरी परतीच्या पावसात येती."

वर्षभर मी पुस्तकं चाळत होते आणि उत्तर काठावर उभं होतं. कृष्णा फुगली की येरळेच्या तोंडाशी फुगवटा येतो, पाणी मागे चढतं, थांबतं, आणि बारीक पोयटा खाली बसतो. विट्या-खटावकडचा पाऊस बराचसा सप्टेंबर-ऑक्टोबरचा. तेव्हा कृष्णा उतरलेली असते, येरळेला उतार मिळतो, आणि ती येते ती वाळू घेऊन, बसलेला पोयटा कापत.

ऑक्टोबरात रात्रभर पाऊस झाला आणि पहाटे मी पुलावर होते. पाणी वाढत असतानाच दर अर्ध्या तासाला बाटली काढली. जुलैचा फिल्टर पेपर वाळल्यावर काळसर, गुळगुळीत, सालपटासारखा सुटायचा. या पेपरवर करडा थर होता आणि वरच्या चाळणीवर बोटाला खरखर लागणारी वाळू. सगळ्यात जास्त गाळ पाण्याच्या शिखरावर नव्हता, त्याच्या आधीच येऊन गेला होता. सूर्य वर आल्यावर बाटली भरायला गेले असते, तर हे हातचं निसटलं असतं.

उपग्रहाची चित्रं मी डिसेंबरातलीच वापरली, पावसाळ्यात ढगच दिसतात. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका १० मीटरचा, त्यामुळे दोन-तीन मीटर ढासळलेला काठ त्यात कळत नाही. तो दोरीनंच मोजावा लागतो.

नावेतून मोजायचं मात्र मी सोडून दिलं. ८ ऑगस्ट २०१९ ला याच गावात नाव उलटली आणि माणसं गेली. त्या घरांसमोरून चढत्या पाण्यात नाव काढा म्हणणं मला जमलं नाही. पुलावरून जेवढं मिळेल तेवढं, असं ठरवलं.

२०२३ ला मान्सूनच रुसला, तरी छेद घेतले. कोरड्या वर्षाची ओळही तक्त्यात हवीच. प्रबंध आता लिहून होत आलाय. आजोबांचा फोन अजून येतो. "विट्याकडं इजा चमकाय लागल्यात," एवढंच सांगतात. बाटल्या धुऊन गाडीत ठेवलेल्याच असतात.