किती इंच पाणी लागते?

सुट्टीवर घरी आलो आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकांकडे बोअरची गाडी लागली. हिंगणा रोडवरचा आमचा लेआउट, मे महिना, पाणाड्याने तळहातावर नारळ धरून जागा दाखवलेली. काकांनी कुंपणावरूनच हाक मारली, "अरे, तू तर जमिनीत भोकंच पाडत असतो ना? सांग बरं, किती फुटांवर लागेल?"

मी तेलाच्या रिगवर मड लॉगिंग करतो. मड म्हणजे भोकात फिरवत ठेवलेला चिखलासारखा जड द्रव; त्याच्यासोबत वर येणारे दगडाचे तुकडे आणि गॅस मी तपासतो. पाण्याचं मला काही कळत नाही. मी बघतो ते खडकातलं पाणी, वायू किती जोराने वर यायला टपलेत ते. आपल्या काळ्या दगडात कॉम्प्रेसरची हवा मारत कोरडं भोक पाडता येतं. तिकडे ते कायम मडने भरलेलं लागतं. पाण्याचा दाब दर १० मीटरला साधारण १ किलो प्रति चौरस सेंटीमीटर, म्हणजे ३००० मीटरला ३००. मडची घनता १.२ ठेवली तर ३६०. खालचा दाब त्याहून जास्त निघाला की वायू आत शिरलाच. आणि भीतीपोटी मड फार जड केलं, तर खडक फाटून मडच गायब.

शेल, म्हणजे चिखलाचा झालेला दगड, खोल जाईल तसं दबून घट्ट होतं, बिट (भोक पाडणारं टोक) मंदावतं. ते उलट पळायला लागलं तर समजायचं, आतल्या पाण्याला निघायला वाटच मिळालेली नाही आणि वरचा भार तेच पेलतंय. १९६६ साली जॉर्डन आणि शर्ली यांनी बिटचा वेग, फेरे, वजन आणि व्यास एका सूत्रात बसवले. तोच आमचा डी-एक्सपोनंट: खोलीबरोबर त्याचा आलेख काढायचा, तो वाढत जायचा सोडून मागे वळला की खाली दाब जास्त. नवा होतो तेव्हा मीटर भराभर पडले की मी खूश व्हायचो. येडा!

पण बिट झिजलं तरी वेग उतरतो, आणि आलेख शहाण्यासारखा सरळ जातो. एका रात्री तसंच झालं. आलेखात काही नाही, पण पाइप जोडायला पंप थांबवला की दर वेळी तासाभराने गॅसचा बारीक सुळका. पंप थांबला की तळाशी मडचा दाब जरासा उतरतो, तेवढ्यात वायू डोकावतो, आणि मडसोबत वर पोचायला त्याला तासभर लागतो. शेकरवर, म्हणजे मड गाळणाऱ्या चाळणीवर, भोकाच्या भिंतीतून सुटलेले लांबट, पात्यासारखे कपचेही दिसायला लागले. पहाटे तीनला कंपनी मॅनला, म्हणजे रिगवरच्या तेल कंपनीच्या साहेबाला, उठवलं. तो वैतागला, पण मड जड केलं आणि सुळके बसले.

हे सगळं बोअरवाला बिडी विझवून ऐकत होता. म्हणाला, "आम्ही बी आवाजावरूनच वळखतो, भाऊ. पण तुमच्या त्या बोअरले किती इंच पाणी लागते?"