सावलीची वही : डिसेंबर ते जून, पुणे

मंडळी, दुपारची सावली मोजायला गच्चीवर उभी केलेली काठी सहा महिने टिकली. मध्ये वाळवणाच्या दिवसांत कुरडयांसाठी जागा सोडावी लागली, त्यामुळे एप्रिलची पानं जवळजवळ कोरी आहेत.

आधी चूक सांगतो. सुरुवातीला घड्याळात बारा वाजले की सावली मोजायचो. पण भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची आणि पुणं त्याच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे आपली खरी मध्यान्ह (सूर्य सगळ्यांत उंच असतो ती वेळ) बऱ्याचदा साडेबारा उलटल्यावर होते. 22 डिसेंबरला 12:33, संक्रांतीला 12:43. आता 12:20 पासून दर दोन मिनिटांनी खडूची खूण करतो आणि सगळ्यांत आखूड सावली धरतो.

दुसरी भानगड सावलीच्या टोकाची. सूर्य म्हणजे ठिपका नव्हे, अर्ध्या अंशाची तबकडी. त्यामुळे डिसेंबरात टोक 8 मिमी तरी पुसट दिसायचं. मग काठीवर भोक पाडलेला पुठ्ठा आडवा बसवला, भोक जमिनीपासून बरोबर 50 सेंमीवर. भोकातून ओळंबा सोडून खाली शून्याची खूण केली. आता सावलीऐवजी उजेडाचा गोल ठिपका पडतो, त्याचा मध्य मोजायचा. काम एकदम सोपं झालं!

आकडे : 22 डिसेंबर 44.9 सेंमी, 29 डिसेंबर 44.6. आठवड्यात फक्त 3 मिमी, मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. 14 जानेवारी 41.6. दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात, ते खरंच. आणि मग 20 मार्च 16.8, 27 मार्च 14.2. तेवढ्याच सात दिवसांत 26 मिमी! सूर्य अयनबिंदूपाशी (डिसेंबर-जूनमधलं त्याचं दक्षिण-उत्तर टोक) रेंगाळतो आणि विषुवापाशी (मार्च-सप्टेंबरात दिवस-रात्र समान असतात तेव्हा) धावतो, हे वाचलेलं होतं; खडूच्या खुणांतलं अंतर बघून पटलं.

20 मार्चला सूर्य विषुववृत्तावर असतो, म्हणून त्या दिवशी तो डोक्यापासून जितका कललेला तितका आपला अक्षांश : 18.6 आला (पुण्याचा 18.5), डिसेंबरच्या तशाच कोनातून तो वजा केला तर पृथ्वीच्या आसाचा कल 23.3. पुठ्ठा आणि मोजपट्टीच्या मानाने मी खूश आहे.

13 मेला ठिपका ओळंब्याच्या खुणेवर. म्हणजे शून्य सावली दिवस, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. कोल्हापूरकरांचा तो आठवडाभर आधीच होऊन गेला होता, नागपूरकरांना अजून जवळजवळ दोन आठवडे थांबायचं होतं. 5 जूनला ठिपका खुणेच्या दक्षिणेला 3.5 सेंमी, म्हणजे भर दुपारी सूर्य आपल्या उत्तरेला. त्यानंतर ढग. जुलैअखेरीस सूर्य परत डोक्यावर येईल तेव्हा तासभर उघडीप मिळाली तर वहीत एक ओळ वाढेल.