माझा अनुभव: चादरींचा ऑर्डर फॉर्म आणि सर्व्हरवरची तपासणी

सोलापुरातल्या एका चादर-टॉवेलच्या होलसेल दुकानासाठी पायथनमध्ये ऑर्डर फॉर्म केला. ब्राउझरमधलं 'रिक्वायर्ड' (रकाना भरणं सक्तीचं) आणि 'पॅटर्न' (मजकूर ठरलेल्या साच्यातच हवा) ही निव्वळ गिऱ्हाइकाची सोय. कर्लने (कमांड लाइनवरून सर्व्हरला विनंती पाठवणारं साधन) फॉर्म टाळून थेट पोस्ट रिक्वेस्ट मारली की दोन्ही निकामी. तसाच भावही बदलता येतो, म्हणून आधी हिडन फील्डमधून (पानावर न दिसणाऱ्या रकान्यातून) येणारा भाव काढला. आता फॉर्ममधून फक्त मालाचा कोड आणि नग घेतो, भाव डेटाबेसमधून.

खरा घाम काढला पिनकोडने. मराठी कीबोर्डवरून ४१३००१ देवनागरी अंकांत येतं. पायथनच्या रेगेक्समधला (मजकूर साच्याशी जुळवून पाहण्याच्या भाषेतला) बॅकस्लॅश-डी, म्हणजे 'कुठलाही अंक', हे अंक खुशाल मान्य करतो, त्यामुळे तपासणी पास. पण कुरिअरच्या यादीत पिन इंग्रजी अंकांत, म्हणजे जुळणी नाही आणि सोलापूर शहरातल्याच माणसाला 'इथे डिलिव्हरी नाही' असा मेसेज! एनएफकेसी नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराची वेगवेगळी संगणकीय रूपं एकसारखी करण्याची पद्धत) हे अंक बदलत नाही. दहा अंकांचा तक्ता करून ट्रान्सलेटने बदलावे लागतात: आधी स्पेस काढा, अंक बदला, मगच तपासा. तेही फुलमॅचने (पूर्ण मजकूर पॅटर्नशी जुळायलाच हवा), कारण पॅटर्नच्या टोकाचा डॉलर (मजकुराचा शेवट दाखवणारी खूण) शेवटची न्यूलाइन चालवून घेतो.

नावाचं नेमकं उलटं. बॅकस्लॅश-डब्ल्यू (अक्षर, अंक किंवा अंडरस्कोर) लावलं तर 'सिद्धेश्वर' नापास! वेलांटी, मात्रा, पाय मोडल्याची खूण ही युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारं मानक) लेखी अक्षरं नाहीत, मार्क आहेत. ग्रामदैवताचं नाव नाकारणारा फॉर्म सोलापुरात कोण भरणार? नावाला पॅटर्न लावूच नये. ट्रिम (कडेच्या स्पेस काढणं), एनएफसी (एनएफकेसीचाच सौम्य प्रकार) आणि लांबीची मर्यादा पुरते. मात्र लांबी कशी मोजता त्यावर आकडा बदलतो: 'सोलापूर' दिसायला ४ अक्षरं, पायथनच्या मोजणीत ७, यूटीएफ-८ मध्ये (मजकूर साठवण्याची पद्धत) २१ बाइट.

अडीच डझन चालावं म्हणून नग फ्लोटमध्ये (दशांश संख्येत) घेतले, तिथे 'नॅन' ('नॉट अ नंबर', फ्लोट म्हणून चालणारं मूल्य) हा शब्द घुसला. त्याची कुठलीही लहान-मोठी तुलना खोटी ठरते, त्यामुळे '१ पेक्षा कमी किंवा ५०० पेक्षा जास्त असेल तर नाकार' ही अट त्याला अडवत नाही. आता डझन नाहीच, पूर्ण नग, इंटमध्ये.

जीएसटी क्रमांक १५ अक्षरी: राज्याचा कोड, १० अक्षरी पॅन, नोंदणीचा क्रम, बहुधा झेड, शेवटी चेक डिजिट (आधीच्या १४ अक्षरांवरून हिशोबाने निघणारं अक्षर). तो चेक डिजिट काढून पाहिला की टायपिंगच्या बहुतेक चुका सापडतात. महाराष्ट्राचा २७ सक्तीचा करू नका, विजापूर-कलबुर्गीचं गिऱ्हाईक २९ घेऊन येतं.

चुका एकेक करून दाखवू नयेत. सगळ्या एकदम, ४२२ स्टेटससह (पाठवलेला मजकूर नियमात बसत नाही असं सांगणारा सर्व्हरचा कोड), प्रत्येक आपापल्या फील्डखाली आणि भरलेला मजकूर जसाच्या तसा ठेवून.