‘कामच तसं आहे’ एवढं पुरत नाही

नोकरी देताना माणसामाणसांत फरक करणं काही वेळा कायद्याला मान्य असतं, हे सांगितलं की अनेकांना धक्का बसतो. मी भरतीच्या जाहिराती तपासते, त्यामुळे या प्रश्नाशी माझी रोजच गाठ पडते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५८ च्या १११ क्रमांकाच्या करारानुसार, एखाद्या कामाच्या अंगभूत गरजेपोटी केलेला फरक हा भेदभाव ठरत नाही. अंध माणसाला ट्रकवर चालक म्हणून घेतलं नाही, तर त्यात अन्याय नाही.

पण ती गरज खरी आहे हे ठरवायचं कसं? मला यात कॅनडाचा एक खटला सगळ्यात मोलाचा वाटतो. ब्रिटिश कोलंबियात एक महिला जंगलातले वणवे विझवणाऱ्या तुकडीत होती. तिच्या कामाबद्दल तक्रार नव्हती. मग सरकारने नवी चाचणी आणली: अडीच किलोमीटर ११ मिनिटांत धावायचं. तिला ४९.४ सेकंद जास्त लागले आणि नोकरी गेली. नियम स्त्री-पुरुष सगळ्यांना सारखाच होता, आणि नेमका तिथेच घोळ होता, कारण बहुतेक स्त्रियांना कितीही सराव केला तरी ती पातळी गाठता येत नव्हती. १९९९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तपासलं: अटीचा कामाशी संबंध आहे का, हेतू प्रामाणिक आहे का, आणि त्या अटीवाचून खरंच अडतं का? सरकार तिसऱ्या प्रश्नावर अडलं. एवढ्या वेगाशिवाय हे काम सुरक्षितपणे होत नाही, हे त्याला सिद्ध करता आलं नाही. तिला नोकरी परत मिळाली.

ग्राहकांची आवड ही तर गरज नव्हेच. विमानात प्रवाशांना हवाईसुंदरीच आवडतात, हा पॅन ॲम या विमान कंपनीचा युक्तिवाद अमेरिकी न्यायालयाने १९७१ मध्येच फेटाळला.

मध्यंतरी गोदामातल्या जागेसाठी ‘फक्त पुरुष’ असं लिहून आलं. कारण काय, तर जड खोकी उचलायची असतात. मी म्हटलं, मग खोक्याचं वजन लिहा आणि येईल त्या प्रत्येकाला उचलून दाखवायला सांगा. ज्याला जमेल, त्याला घ्या.

तुम्हाला अशी अट दाखवून कोणी परत पाठवलं, तर कारण लेखी मागा. अट गरजेची आहे हे सिद्ध करण्याचा भार कॅनडाच्या त्या खटल्यातही मालकावरच होता.