पन्हाळा ते पावनखिंड: २४० माणसं आणि एक शीट

गेल्या वर्षी पन्हाळा ते पावनखिंड या पायी मोहिमेत आमचं एक पोरगं हरवलं. सोळा वर्षांचं. करपेवाडीत मुक्कामाला पोचल्यावर डोकी मोजली, ती १७८ भरली. पुन्हा मोजली तर १८१. पन्हाळ्यावरून निघालो होतो १८०. माणूस कमी आहे की जास्त, हेच कळेना. शेवटी त्याच्या चुलतभावानं ओरडून सांगितलं तेव्हा कुणाला शोधायचं ते समजलं. भर पावसात बॅटऱ्या घेऊन आठ-दहा जण मांडलाईवाडीच्या वाटेवर उलटे गेले. अडीच तास. पोरगं करपेवाडीतच एका घराच्या माळ्यावर गाढ झोपलेलं होतं. त्याच्या आईला फोन करायला रेंज नव्हती, ते एका अर्थानं बरंच झालं.

त्या रात्री आमचे आबा चुलीजवळ बसून एवढंच म्हणाले, "डोकी मोजून भागत न्हाई. नावं मोजाय पायजेत." आबा कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या मंडळाचे जुने कार्यकर्ते, वीसेक मोहिमा केलेले. यादीचं काम त्यांनी तिथंच माझ्याकडं दिलं. मी उद्यमनगरात एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते. नट-बोल्टपासून कास्टिंगपर्यंत आवक-जावक दिवसभर एक्सेलमध्ये भरणं हेच माझं काम. कुठला माल कुठल्या रॅकवर आहे हे मी झोपेत सांगेन, मग एवढी माणसं कुठं आहेत हे का सांगता येऊ नये, असं मला मनापासून वाटलं.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगते. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून रात्री निसटले आणि विशाळगडाकडं गेले. शिवा काशीद महाराजांचा वेश घेऊन शत्रूच्या हाती लागले, आणि बाजीप्रभूंनी घोडखिंड रोखून धरली. तीच पुढं पावनखिंड झाली. त्याच वाटेनं दर पावसाळ्यात कोल्हापुरातून मंडळंच्या मंडळं चालत जातात. मसाई पठार, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबर्डे, पांढरपाणी करत साधारण ५० किलोमीटर, दोन दिवसांत. चिखल, धुकं, जळवा आणि बहुतेक वाटेवर मोबाइल बंद.

यंदा मेच्या शेवटी गूगल फॉर्म केला. पहिला फॉर्म फसला. मी फक्त नाव, वय, मोबाइल, रक्तगट एवढंच विचारलं होतं आणि सगळे रकाने मोकळे ठेवले होते. रक्तगटाच्या रकान्यात 'बी पॉझिटिव्ह' सहा तऱ्हांनी आला. कुणी नाव मराठीत लिहिलं, कुणी इंग्रजीत, कुणी नुसतं 'बंडू'. पाटील ३७, त्यात एकाच नावाचे तिघे. दोन दिवसांत तो फॉर्म बंद करून नवा काढला. रक्तगट, टी-शर्टचं माप, गाडीत कुठं बसणार (बिंदू चौक, मिरजकर तिकटी की रंकाळा) हे सगळं यादीतून निवडायचं ठेवलं. मोबाइलला दहा आकड्यांची अट घातली आणि माणसाची ओळख त्याच्या मोबाइल नंबरावर ठरवली, नावावर नाही. एकच नंबर दोनदा आला की काउंटइफनं (किती वेळा आलं ते मोजणारं सूत्र) ती ओळ लाल व्हायची. अठराच्या आतला असेल तर फॉर्म आपोआप पालकांच्या पानावर जायचा. 'घरचा दुसरा नंबर' हा रकाना सक्तीचा केला, कारण मोहिमेत चालणाऱ्याचा नंबर लागतच नाही.

सगळ्यांना फॉर्म जमत नाही हेही लगेच दिसलं. दरवर्षी येणारे दूधवाले काका, हमाल कट्ट्यावरची माणसं यांना लिंक पाठवून उपयोग नव्हता. म्हणून तीन रविवार संध्याकाळी तालमीत टेबल टाकलं. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो एकेकाला शेजारी बसवून विचारायचा आणि तोच फॉर्म भरायचा. माझ्या मते सगळ्या तयारीत हेच काम सगळ्यात मोलाचं झालं. "काका, गोळ्या चालू हाईत काय कसल्या?" असं समोर बसून विचारल्यावर जे कळतं ते फॉर्मच्या रकान्यात कुणी लिहीत नाही. एका काकांना शुगर होती, इन्सुलिन चालू होतं. फॉर्म स्वतः भरला असता तर 'आजार नाही' लिहून मोकळे झाले असते.

आमच्या गाड्या सहा, प्रत्येकीत ४०. म्हणजे २४० ला थांबायचं. एका रात्री मी झोपले तेव्हा नावं १९१ होती, सकाळी सहाला पाहिलं तर २६८. कुणीतरी लिंक दुसऱ्या गावच्या ग्रुपवर टाकली होती. फॉर्म आपणहून थांबणार नव्हता, तो मलाच बंद करायचा होता, हे माहीत असूनही मी झोपले होते. २८ जणांना एकेक करून फोन केला आणि नाही म्हणून सांगितलं. मेसेजवर सांगितलं असतं तर काम लवकर झालं असतं, पण मोहिमेला यायला निघालेल्या माणसाला नुसता मेसेज टाकणं मला पटेना.

पैशाचा हिशोब हे दुसरं जंगल. माणशी ९००. सगळे यूपीआयनं पैसे पाठवून व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट टाकायचे आणि ग्रुपमध्ये बाकीचं काही दिसायचं बंद झालं. मी ग्रुप फक्त अ‍ॅडमिन लिहितील असा केला आणि फॉर्ममध्ये व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक मागितला. बँकेतून स्टेटमेंट उतरवून व्हीलूकअप (एका यादीतलं दुसऱ्या यादीत शोधणारं सूत्र) लावला, तर एकही क्रमांक जुळेना. सगळ्या ओळींत चूक. अर्धा तास डोकं धरून बसले. मग लक्षात आलं की एक्सेलनं ते १२ आकडे '४.१२ई+११' असे करून ठेवलेत, आणि फॉर्ममधले क्रमांक मात्र मजकूर म्हणून बसलेत. एका बाजूला आकडा, दुसऱ्या बाजूला मजकूर, मग जुळणार कसे? स्टेटमेंट पुन्हा उतरवलं, तो रकाना आधीच मजकूर म्हणून घेतला आणि एका झटक्यात १७० नावं हिरवी झाली.

उरलेल्यांत बरीचशी घरच्यांची होती. बापानं चौघांचे ३,६०० एकदम भरलेले, शीटमध्ये मात्र एकटा बाप हिरवा आणि तिन्ही पोरं थकबाकीदार. 'पैसे कुणी भरले' असा रकाना वाढवला आणि ते मिटलं. वर्गणीच्या बाबतीत पेठेत चुकून कुणाला दुसऱ्यांदा विचारलं तर माणूस वर्षभर बोलत नाही, म्हणून मी या रकान्याला फार जपलं.

एक चूक मात्र मला आजही टोचते. बारा गट केले होते, वीस-वीसचे, प्रत्येकाला एक गटप्रमुख. त्यांना यादी दिसावी म्हणून मी पूर्ण शीटची लिंक दिली. त्यातल्या एकानं चांगल्या हेतूनं ती सगळ्या ग्रुपवर टाकली. ४६ मुली-बायकांचे मोबाइल नंबर, सगळ्यांचे आजार, घरचे नंबर, सगळं उघडं. एका मुलीनं फोन करून विचारलं, "ताई, माझा नंबर सगळ्यांना दिसतोय का?" मला उत्तर देता आलं नाही. दहा मिनिटांत लिंक बंद केली. मग प्रत्येक गटाची वेगळी फाइल केली आणि मूळ शीटमधून इम्पोर्टरेंज या सूत्रानं तेवढीच वीस नावं तिकडं ओढली. त्याच फाइलीत फिल्टर लावून चालत नाही, फिल्टर काढला की सगळं दिसतं. आजाराचा रकाना फक्त माझ्याकडं आणि बरोबर येणाऱ्या डॉक्टरांकडं ठेवला. त्या मुलीच्या घरी जाऊन मी माफी मागितली. ती मोहिमेला आली.

जेवणाचं गणित शीटनं सोपं केलं. तांदूळ माणशी १२५ ग्रॅमनं ३० किलो. भाकरी माणशी अडीच धरून ६००. करपेवाडीतल्या बायका दरवर्षी भाकरी करून देतात. मी २४ घरं, घरटी २५ भाकरी असा तक्ता करून गेले. तिथल्या मावशींनी तो हातात घेतला, बघितला आणि परत दिला. "बाई, तू आकडा सांग. घरं आमी वाटून घेतो. हिच्या घरात म्हातारी पडून हाय, तिच्याकडं कशाला पंचवीस?" तक्ता मी पिशवीत ठेवला. ६०० भाकरी वेळेवर आल्या, एकही कमी नाही.

निघायच्या आदल्या आठवड्यात भाच्याला घेऊन मी मसाई पठारावर जाऊन आले, मोबाइलवर हजेरी लागते का बघायला. शीट ऑफलाइन उघडत होती, पण पावसात ओल्या बोटांनी पडदा ऐकत नव्हता. एका नावावर खूण करायला गेले की दुसऱ्याच नावावर व्हायची. तिथंच ठरवलं: शीट पन्हाळ्यापर्यंत, पुढं कागद. शीटमधूनच गटवार याद्या छापल्या, लॅमिनेट केल्या, भोक पाडून दोरी ओवली आणि सोबत परमनंट मार्कर. नावापुढं सहा चौकटी: पन्हाळा, मसाई, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, पांढरपाणी.

शनिवारी पहाटे गाड्यांत २३३ भरले. सात आले नाहीत, त्यांची नावं गाडी सुटायच्या आधीच मला माहीत होती. बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी गारद झाली आणि चालायला सुरुवात केली. पठारावर धुकं इतकं की पुढच्याची फक्त पाठपिशवी दिसत होती. एकेक गटप्रमुख वाटेत उभा राहून नाव पुकारत होता आणि धुक्यातून 'हजर' येत होतं.

करपेवाडीत संध्याकाळी सात वाजता बारा कागद माझ्यासमोर आले. भाचा वाचत होता, मी फोनमध्ये खुणा करत होते. २३१. दोन कमी. पोटात गोळा आला, पण या वेळी त्या दोघांची नावं माझ्यासमोर होती. सातव्या गटातला एक, मांडलाईवाडीला खूण आहे, करपेवाडीला नाही. म्हणजे शेवटच्या टप्प्यात आहे किंवा इथंच आहे. गटप्रमुख शाळेच्या खोल्या बघून आला. पोरगं नवव्या गटात मित्राशेजारी अंथरूण टाकून बसलेलं. पाच मिनिटं लागली.

दुसरे ते दूधवाले काका. पन्हाळा खूण, मसाई खूण, पुढं काहीच नाही. त्यांचा गटप्रमुख म्हणाला, मला वाटलं पुढच्या गटात गेले. आबा उठले, मोहिमेबरोबरच्या जीपवाल्याला शोधून आणलं. जीपवाला म्हणाला, "त्यास्नी गुडघ्याचा त्रास झाला, दुपारी मीच खाली सोडून आलो की." कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. माझ्या कागदावर त्यासाठी चौकटच नव्हती. तरी खात्री हवी म्हणून गावातल्या टेकावर, जिथं एका कोपऱ्यात रेंज येते, तिथं जाऊन त्यांच्या 'घरच्या दुसऱ्या नंबरावर' फोन लावला. सुनेनं उचलला. "जेवून झोपलेत, उठवू का?"

मी नको म्हणाले. सगळं मिळून वीस मिनिटं झाली होती. खाली आले तर आबांनी माझ्यासाठी ताट झाकून ठेवलं होतं, पिठलं आणि दोन भाकरी.

दुसऱ्या दिवशी पावनखिंडीत २३२ जणांनी माथा टेकवला. पांढरपाणीला शेवटची चौकट भरली आणि गाड्या सुटल्या. मिरजकर तिकटीला रात्री अकराला आयाबाया, भाऊ, बाप उभे होते.

परवा ती शीट पुन्हा उघडली. आजार आणि नंबर असलेले रकाने पुसून टाकले, वर्षभर ते कुणाच्या फोनमध्ये राहायचं कारण नाही. नुसती मथळ्याची ओळ ठेवून पुढच्या वर्षाची कोरी प्रत केली. लॅमिनेटच्या कागदावर सातवी चौकट वाढवली: 'मधून परत, कुणासोबत, किती वाजता'. जीपवाल्यालाही एक कागद आणि एक मार्कर द्यायचा, असं समासात लिहून ठेवलंय.