सारगॅसमची डीपीपीएच चाचणी: माझा अनुभव

डीपीपीएच हे जांभळं रसायन; अर्कात अँटिऑक्सिडंट असतील तर त्याचा रंग उतरतो, आणि तो किती उतरला ते मोजणं म्हणजे ही चाचणी. कुणकेश्वरच्या खडकांवरचं सारगॅसम, म्हणजे एक तपकिरी समुद्रशैवाल, मी डिसेंबर-जानेवारीत, अमावास्या-पौर्णिमेच्या सुकतीला काढतो. किनाऱ्याला लागलेला माल घेत नाही, तो किती दिवस उन्हापाण्यात पडलाय ते कळत नाही. झुडूप वरून कापायचं. बूड खडकावर राहिलं तर पुन्हा फुटतं. समुद्राच्या पाण्यातच खळबळून वाळू काढायची, मग गोड्या पाण्यातून दोनदा झटपट. भिजत घातलं तर फ्लोरोटॅनिन्स (तपकिरी शैवालातली अँटिऑक्सिडंट फिनॉल्स) पाण्यात उतरतात, आणि आपल्याला तर तीच हवी असतात.

सावलीत किंवा 40 अंशांवर वाळवून पूड करतो. 10 ग्रॅम पूड, 200 मिली 70 टक्के मिथेनॉल, शेकरवर अंधारात 24 तास. गाळून रोटरी इव्हॅपोरेटरवर 40 अंशांखाली आटवलं की चिकट, हिरवट-तपकिरी गोळा उरतो.

खरी गोची इथे आहे. त्या गोळ्याच्या वजनात मीठ आणि मॅनिटॉल (शैवालातलं साखरेसारखं द्रव्य) हेही असतं. ‘1 मिग्रॅ अर्क’ म्हणून जे तोलतो, त्यातला बराच भाग निष्क्रिय, म्हणून आयसी-50 (डीपीपीएच निम्म्यावर आणायला लागणारं अर्काचं प्रमाण) उगाच जास्त, म्हणजे वाईट दिसतं. त्यामुळे मी फिनॉलचा आकडा गोळ्यामागे आणि कोरड्या पुडीमागे, असा दोन्ही देतो.

डीपीपीएच 3.94 मिग्रॅ, मिथेनॉल 100 मिलीपर्यंत; हे झालं 0.1 मिलीमोलर. 3 मिली यातलं, 1 मिली अर्क, अंधारात 30 मिनिटं, मग 517 नॅनोमीटरवर शोषण मोजायचं. अर्काऐवजी त्याचं नुसतं द्रावक घातलेला कंट्रोल 0.8 च्या आसपास यावा. बराच कमी आला तर द्रावण शिळं, ओतून द्या.

आता रंग. फ्युकोझॅन्थिन आणि क्लोरोफिल या शैवालातल्या रंगद्रव्यांमुळे अर्क स्वतःच 517 ला थोडं शोषण दाखवतो. समजा कंट्रोल 0.80, नमुना 0.38: प्रतिबंध (कंट्रोलच्या मानाने शोषण किती घटलं ते) 52.5 टक्के. पण डीपीपीएचऐवजी मिथेनॉल घातलेल्या अर्काचं वाचन 0.10 असेल, तर नमुना 0.28 धरायचा आणि उत्तर 65 टक्के. ही एक जादा नळी बरेच जण गाळतात.

पाण्यातल्या अर्काची तऱ्हा वेगळी. मिथेनॉल लागताच अल्जिनेट (शैवालातला चिकट पदार्थ) साकळतं, नळी ढगाळ होते आणि प्रतिबंध चक्क उणे येतो. वाचनाआधी 5000 आरपीएमवर 10 मिनिटं फिरवून वरचं नितळ घ्यायचं.

फोलिन-चिओकाल्टू या फिनॉल मोजायच्या रसायनाला साखर आणि ॲस्कॉर्बिक आम्लही रंग देतात, म्हणून त्यातून येणाऱ्या ‘एकूण फिनॉल’मधल्या ‘एकूण’वर माझा फारसा विश्वास नाही. सारगॅसमसाठी मानक (ज्याच्याशी तुलना करून फिनॉलचा आकडा काढतात ते) फ्लोरोग्लुसिनॉल बरं. गॅलिक आम्ल वापरलं असेल तर तसं लिहा, नाहीतर दोन तक्ते जुळणार नाहीत.